टोर्ग्नीचा पाय आणि गुनवोरचं लायसन्स

लोंगविकेन गावात टोर्ग्नी लिडमार्कच्या उजव्या पायाला जो मान होता, तो चर्चच्या पाद्रीबाईंनाही नव्हता. पाद्रीबाई रविवारपुरत्या. टोर्ग्नीचा पाय रोज दारावरून जायचा.

टोर्ग्नी टपालवाला. आमच्याकडे पत्रपेट्या रस्त्याच्या कडेला फळीवर ओळीने ठोकलेल्या असतात, आणि टपालवाल्याने गाडीतून न उतरता, खिडकीतून हात काढून त्यांत पत्रं टाकायची असतात. उन्हाळ्यात हे कुणालाही जमेल. पण ऑक्टोबरात रस्त्यावर बर्फाची जी काच चढते ती मे उजाडल्याशिवाय उतरत नाही, आणि तिच्यावर गाडी थांबवायची म्हणजे ओल्या ताटात सोडलेल्या साबणाच्या वडीला ‘थांब’ म्हणण्यासारखं. टोर्ग्नी म्हणायचा आणि वडी थांबायची. ब्रेक दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. तबलजीची बोटं चालावीत तसा त्याचा पाय चालायचा. गाडी घसरत घसरत यायची आणि पत्रपेटी नेमकी त्याच्या कोपरापाशी उभी राहायची. म्हाताऱ्याकोताऱ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहून हे बघायच्या. पत्र आलं नाही तरी चालेल, पण टोर्ग्नी थांबलेला बघायला मिळावा, असा एकूण मामला.

निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली आणि पाय ठणठणीत असताना डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या बरोबर मधोमध धुकं बसलं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, नाक दिसायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी लायसन्स काढून घेतलं, तेव्हा टोर्ग्नी त्यांच्या डाव्या कानाकडे बघून म्हणाला, “डोळे गेलेत, पाय नाही गेला.” त्यावर बाई म्हणाल्या, “गाडीला दोन्ही लागतात.”

खरी पंचाईत पुढे होती. लिडमार्कांचं घर तळ्याच्या पार टोकाला. मोठा रस्ता गाठायचा तर आधी एक छातीवरचा चढ, आणि मोठ्या रस्त्यावर तरी काय, बस बंद होऊन जमाना झाला. लुलेओ शहरात राहणाऱ्या अनेलीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, आईबापांसाठी फ्लॅट बघून ठेवला. लिफ्ट आहे, खाली दुकान आहे, शेजारी दवाखाना आहे. मार्चअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

“आणि तळं?” टोर्ग्नीने फोनवर विचारलं.

“बाबा, गॅलरीतून पार्किंग दिसतं. छान मोठं आहे.”

त्या रात्री जेवताना टोर्ग्नीने बटाट्याचा गोळा नुसताच काट्याने फिरवला. समोर बसलेल्या त्याच्या बायकोने, गुनवोरने, एक-दोनदा पाहिलं आणि म्हणाली, “मी शिकते गाडी.”

गुनवोरने साठी ओलांडलेली. आधी घरच्या गाई सांभाळल्या, डेअरीची गाडी येईनाशी झाली तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना रांधून घातलं, पण स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. घरात एवढा नावाजलेला पाय असताना दुसरा कशाला घालायचा, असं तिचं म्हणणं.

“तू?” टोर्ग्नी म्हणाला.

“नाही, तर काय तो फ्रिज शिकेल?”

लायसन्स गेलेल्या माणसाला दुसऱ्याला शिकवता येत नाही, हा कायदा. म्हणून शेजारचा रूने कामाला आला. कागदोपत्री शिकवणारा रूने. तो पुढे, गुनवोरच्या शेजारी बसायचा. हा माणूस दिवसातून चार वाक्यं बोलतो आणि त्यांतली दोन हवामानावर असतात. खरा गुरुजी मागच्या सीटवर. गाडीच्या पाठीवर शिकाऊ चालकाची हिरवी पाटी, आणि तिच्या आत टोर्ग्नीच्या तोंडाचा पट्टा.

“दाब! सोड! दाब! सोड! अगं दाबून काय धरतेस, दरवाजा आहे का तो? चाक अडकलं की ते स्केट झालं. स्केटला वळायला सांगून ते वळतं का? सोडलंस की चाक फिरेल, फिरलं की वळेल. गुदगुल्या कर ब्रेकला!”

“तू मला कधी केल्या नाहीस आणि ब्रेकला काय करायला लावतोस,” गुनवोर आरशात बघून म्हणायची. रूने खिडकीबाहेर बघून खोकायचा.

पण बाई चिकट. जानेवारी संपेपर्यंत तिचा पाय बऱ्यापैकी तालावर आला. एकच गोष्ट जमेना, तो घराचा चढ. अर्ध्यावर गेलं की पुढची चाकं जागच्या जागी भुंग्यासारखी गरगरायची, बर्फाची पिठी उडायची आणि गाडी तोंड वाकडं करून खाली यायची. मग रूनेने उतरून राख टाकायची, टोर्ग्नीने मागून ढकलायचं, आणि गुनवोरने घरी येऊन गप्प बसायचं. एकदा लोकर विणता विणता ती म्हणाली, “माझा पायच जड आहे. अनेलीचं बरोबर असेल.” टोर्ग्नी यावर काही बोलला नाही. बोलायला हवं होतं, पण ते पुढे येईल.

आमच्याकडे लायसन्सच्या परीक्षेआधी प्रत्येकाला घसरपट्टीवर जावं लागतं. तिथे मुद्दाम गुळगुळीत केलेल्या बर्फावर गाडी घालायची, ब्रेक दाबायचा आणि काय होतं ते अनुभवायचं. शिकवणाऱ्याने ‘हिला कळलं’ अशी सही केली की पुढची वाट मोकळी. आमची घसरपट्टी तळ्याच्या काठाला आहे. पलीकडे गोठलेल्या तळ्यावर हिवाळाभर जर्मन मोटारवाले नव्या गाड्यांचे ब्रेक तपासत असतात. अर्धं गाव त्यांना घर भाड्याने देऊन स्वतः तळघरात राहतं. “इतकी वर्षं येतायत,” टोर्ग्नी म्हणायचा, “पण ब्रेक कसा दाबायचा हे विचारायला माझ्याकडे एकही आला नाही.”

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिघं घसरपट्टीवर पोचले. तिथली शिकवणारी टूला, फिनलंडच्या हद्दीकडची, ठेंगणी आणि खणखणीत आवाजाची. ती काचेच्या केबिनमध्ये बसते, शिकणारा एकटाच शाळेच्या गाडीत, आणि तिचा आवाज गाडीतल्या रेडिओवर. त्या दिवशी गुनवोरबरोबर शाळेतून नुकती सुटलेली दोन पोरं होती, त्यांनी दोन गाड्या घेतल्या, गुनवोरने तिसरी. रूने कॅन्टीनमध्ये गेला. टोर्ग्नी केबिनमध्ये शिरला.

“तू बाहेर थांब,” टूला म्हणाली.

“मी नुसता ऐकतो.”

बर्फाच्या मधोमध एल्क, म्हणजे आमच्या रस्त्यांत आडवं येणारं थोराड हरीण, उभा होता. घोड्याएवढा, कापडाचा, आत हवा भरलेला. त्याला सगळे बोसे म्हणतात. काम एवढंच: वेगात यायचं, लाल खुणेपाशी ब्रेक जीव खाऊन दाबायचा, दाबूनच ठेवायचा, आणि बोसेला वळसा घालून पुढे जायचं. पोरं आली, दाबलं, वळली, गेली. मग गुनवोर आली.

तिने ब्रेक दाबला आणि पॅडलने तिच्या तळव्याला खालून लाथ मारली. एक नाही, खडखडखड अशी लाथांची सरबत्तीच. कुठेतरी काहीतरी तुटल्यासारखा आवाज. तिने झटकन पाय उचलला. परत दाबला, परत लाथा, परत उचलला. गाडी सरळ जाऊन बोसेच्या पोटात शिरली.

“गुनवोर, एल्क मेला,” टूला रेडिओवर म्हणाली. “परत ये.”

दुसऱ्यांदाही मेला. तिसऱ्या वेळी टूला बोसेला उभं करायला बाहेर गेली, आणि टोर्ग्नीला राहवलं नाही. त्याने माइक उचलला आणि अख्ख्या तळ्याला ऐकू जाईल असा ओरडला, “दाब! सोड! दाब! सोड!” तो आवाज गुनवोरच्या गाडीत गेला तसा पोरांच्या गाड्यांतही गेला. पोरांना वाटलं, आपल्यालाच सांगतायत. तिघांनी आज्ञाधारकपणे दाबलं-सोडलं. एक गाडी डावीकडच्या बर्फाच्या ढिगात, दुसरी उजवीकडच्या, आणि गुनवोरची बोसेपाशी. तो अजून नीट उभाही राहिला नव्हता. टूलाने उडी मारली म्हणून वाचली.

ती केबिनमध्ये आली, माइक काढून घेतला आणि शांतपणे म्हणाली, “कॉफी पिऊ या.”

कॅन्टीनमध्ये रूने इकडच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे बुडवून खात बसला होता. गुनवोर त्याच्यासमोर बसली, पण कपाला हात लावेना.

“मला आज सही करता येणार नाही, गुनवोर,” टूला म्हणाली. “आणि पुढची जागा एकदम एप्रिलमधे.”

“एप्रिल नको,” गुनवोर म्हणाली. “मार्चअखेर घर सोडायचं की नाही ते कळवायचंय.”

टूलाने कप बाजूला सारला. “पाय का उचलतेस?”

“खालून लाथ मारतं ते. मला वाटलं, मोडली गाडी. आमच्या गाडीचं पॅडल गप्प असतं.”

“गप्प? तुमच्या गाडीचा ब्रेक घसरल्यावर धडधडत नाही?”

“कधीच नाही.”

टोर्ग्नीने घाईघाईने दालचिनीचा बन तोंडात कोंबला. टूला उठली, खिडकीतून त्यांच्या गाडीकडे बघितलं आणि बाहेर गेली. बाकीचे मागोमाग. तिने गाडीचं दार उघडलं, चावी फिरवली. स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या तबकडीखाली, कोपऱ्यात, काळ्या चिकटपट्टीचा एक नीटस चौकोनी तुकडा लावलेला होता. टूलाने नखाने तो सोलला. खाली एक पिवळा दिवा टकटकीत जळत होता.

“मला वाटलं, घड्याळावर लावलीय,” रूने म्हणाला. त्याचं त्या दिवसाचं पहिलं वाक्य.

“फ्यूज कुठंय, टोर्ग्नी?” टूला म्हणाली.

टोर्ग्नीने बर्फ चघळल्यासारखं तोंड केलं. मग पाकीट काढलं. पाकिटात एक छोटा प्लास्टिकचा तुकडा होता, शर्टाच्या बटणाएवढा.

“कधीपासून?”

“घेतली त्या दिवसापासून.”

“आणि दरवर्षी गाडीची तपासणी होते, ती?”

“त्या दिवशी बसवतो. घरी आलो की काढतो.”

गुनवोर पुढे झाली. “हे नक्की काय काढून ठेवलंयस?”

टूलानेच सांगितलं. प्रत्येक चाकाशी एक सेन्सर कान लावून बसलेला असतो. ब्रेक दाबल्यावर कुठलं चाक अडकायला लागलं की गाडी तेवढ्याच चाकाचा ब्रेक सोडते, फिरू देते, परत धरते. डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीतरी वेळा. तीच ती पायाखालची धडधड. “आणि तेच कान दुसरंही काम करतात. तू गॅस दिलास आणि एखादं चाक फुकट गरगरायला लागलं, तर ते धरायचं, आणि इंजिनाला म्हणायचं, जरा दमानं घे. म्हणजे उरलेल्या चाकाला जोर मिळतो आणि गाडी चढते. दोन्ही एकाच फ्यूजवर.”

“चढते,” गुनवोर म्हणाली.

“चढते.”

गुनवोर नवऱ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. “म्हणजे अख्खा हिवाळा मी त्या चढावर रडत होते, माझा पाय जड म्हणून. आणि तू मागून ढकलत होतास. खिशात हे घेऊन.”

“मला वाटलं, तू नीट शिकावंस,” टोर्ग्नी कसाबसा म्हणाला. “पायाने. ऑफिसने शेवटी शेवटी असलीच गाडी दिली होती मला. मी दाबतोय, तर ती खालून माझा पाय ढकलते! टपाल वाटू की कुस्ती खेळू? म्हणून काढला. मग सवयच लागली. आणि ताज्या भुसभुशीत बर्फात हे काही कामाचं नाही, विचार हिला! तिथे चाक अडकलेलं बरं, पुढे बर्फाचा ढीग जमतो आणि गाडी त्याला टेकून थांबते.”

“खरं आहे,” टूला म्हणाली. “भुसभुशीत बर्फात आणि खडीवर तू जिंकशील. रुतलेली गाडी काढायलाही चाकं आवरणारा तो भाग बटणाने बंद करावा लागतो. ते मी हिला शिकवते. पण मला एक सांग. तू पाय उचललास की किती चाकं सुटतात?”

“चारही.”

“मला फक्त पुढचं डावं सोडून दाखव.”

एवढी वर्षं टोर्ग्नीने तो पाय गावभर मिरवला, पण त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने खाली आपल्या बुटाकडे पाहिलं. समोरून नीट दिसत नव्हतं, म्हणून मान तिरकी करून पाहिलं.

गुनवोर त्याच्याकडे बघत नव्हती. ती पायाने बर्फ दाबत होती. “ढुश्या मारतं,” ती स्वतःशीच म्हणाली.

“काय?”

“वासरू. बादलीतून दूध पाजताना खालून ढुश्या मारतं बघ. मारतं म्हणजे पितंय. तेव्हा बादली काढून घेतली तर सगळं सांडतं. मांडीला टेकवून घट्ट धरायची आणि त्याला मारू द्यायच्या.” ती टूलाकडे वळली. “एकदा करू दे मला. आणि हा माझ्या शेजारी बसेल.”

“कशाला?” टोर्ग्नी म्हणाला.

“माइकपासून लांब म्हणून. हात मांडीखाली. तोंड बंद.”

टोर्ग्नी बसला. गुनवोरने गाडी लांब नेली, वळवली आणि वेग घेतला. टोर्ग्नीला समोर धुकंच होतं. बोसे फक्त शिंगांपुरता, तोही नजर बाजूला केल्यावर. तेव्हा त्याने डोळ्यांचा नाद सोडला आणि ढुंगणावर भिस्त ठेवली. बर्फावर आयुष्य काढलेल्या ड्रायव्हरला रस्ता तिथूनच कळतो.

लाल खूण आली. गुनवोरने दाबलं. ढुश्या सुरू झाल्या, खडखडखड, सीटमधून त्याच्या पाठीच्या कण्यापर्यंत आल्या. तिचा पाय हलला नाही. टोर्ग्नी घसरण्याची वाट बघत राहिला. आता मागचा भाग सुटेल, आता नाक भरकटेल. पुढचं डावं चाक निसटलं आणि परत धरलं गेलं, त्याला स्पष्ट कळलं. मग मागचं उजवं. एकेक, वेगवेगळं, कुणीतरी चार पायांनी ब्रेक दाबत असल्यासारखं. आणि त्या सगळ्यात गुनवोरने स्टिअरिंग फिरवलं तर गाडी थांबता थांबता वळली. थांबणं आणि वळणं, दोन्ही एकदम. त्याच्या हिशेबात यातलं एका वेळी एकच मिळायचं. एक घ्यायचं तर दुसरं सोडायचं, आणि दोन्हींमधली ती फट म्हणजेच त्याची कला. बोसे डाव्या खिडकीतून सावकाश मागे गेला. त्याचा कान टोर्ग्नीला अगदी स्वच्छ दिसला.

गाडी उभी राहिली.

“काय?” गुनवोरने विचारलं. “बोल आता. दिली परवानगी.”

“परत कर,” टोर्ग्नी म्हणाला.

तिने परत केलं.

“परत एकदा.”

“तुझ्यासाठी की माझ्यासाठी?”

“कर ना गं.”

पाचव्या-सहाव्या फेरीला टूला रेडिओवर म्हणाली, “लिडमार्क मंडळी, सही केव्हाच झालीय. ही जत्रा नव्हे.” मागे पोरं रांगेत उभी राहून हॉर्न वाजवत होती.

फ्यूज रूनेने बसवला, आणि “उद्या गार पडेल” असं म्हणून त्या दिवसाचं दुसरं वाक्य खर्ची घातलं. परतीच्या वाटेवर टोर्ग्नी मागच्या सीटवर होता आणि गुनवोर त्याच्याशी एक शब्द बोलली असेल तर शपथ. घराच्या चढाशी ती आली, गॅस दिला, दिवा लुकलुकला, चाकं एकदा गुरगुरली आणि गाडी वर जाऊन उभी राहिली. रूने राखेची बादली मांडीवर घेऊन तयार बसला होता, तो तसाच घरी गेला. गुनवोरने इंजिन बंद केलं आणि मग बोलायला सुरुवात केली. ती काय बोलली ते सांगत नाही, पण तळ्यावर त्या वेळी मासे धरत बसलेल्या माणसांनी टोप्या कानांवर ओढून घेतल्या. दोन दिवस टोर्ग्नीने स्वतःची कॉफी स्वतः केली. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्यासमोर कप आदळला, म्हणजे मिटलं.

परीक्षा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होती. रूने तिला सकाळीच घेऊन गेला. जाताना ती म्हणाली, “तू येऊ नकोस. तू आलास की माझा पाय ऐकायचा कुणाचं, तेच कळत नाही.” टोर्ग्नी राहिला. दिवसभर त्याने अंगणातला बर्फ काढला, नव्हता तिथलाही काढला. दुपारी गाडी आली. हिरवी पाटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनेलीचा फोन आला.

“बाबा, उद्या मला फ्लॅटवाल्यांना सांगायचंय. आईच्या परीक्षेचं काय झालं? काल फोन का नाही उचलला?”

“पास झाली.”

“खरंच? अरे वा! पहिल्या फटक्यात?”

“ब्रेकला फार छान म्हणाला परीक्षक.” टोर्ग्नीने घसा खाकरला. “तो फ्लॅट दे कुणाला तरी. पार्किंग आवडणारी माणसं असतात.”

“तुम्ही दोघं राहाल ना नीट तिकडे?”

“राहू की. आता काय, गाडी आहे, ड्रायव्हर आहे. पाहिजे तिथे जाता येईल मला.”

“दे ना आईला फोन. अभिनंदन तरी करते.”

“नाहीये ती.”

“कुठे गेली?”

“सकाळी दुकानात म्हणून गेली. मग बहिणीच्या घरून तिचा फोन आला, इथवर आलेच आहे, रस्ता मोकळा आहे, तर हद्द ओलांडून नॉर्वेला जाऊन येते म्हणाली. समुद्र बघायचाय तिला.”

“एकटी? बाबा! आणि येणार कधी?”

टोर्ग्नीने फोन कानाशी धरूनच फ्रिज उघडला, मान तिरकी केली, आणि तिने भरून ठेवलेले जेवणाचे डबे एकेक करून मोजले. आजवर त्याच्या बायकोची कुणी अशी चौकशी केली नव्हती, आणि का कोण जाणे, त्याला हसू येत होतं.

“ती काही बोलली नाही,” तो म्हणाला. “पण डब्यांवरून रविवार दिसतोय.”